हेरल्डच्या मागच्या दोन काचा

मी, कमळाबाई काळुराम मढवी, वय शहात्तर, राहणार कळवा, शाळा तिसरीपर्यंत, धंदा गाडीच्या सीटा शिवणे व काचा बसवणे (आता बंद), हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली नसताना स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला जोडला आहे. मुलगा देवेश म्हातारीला भ्रम झालाय म्हणून सांगत फिरतो, म्हणून दोन डॉक्टरांचा घेतला. कायद्याचे शब्द नौपाड्याच्या वकीलबाई संचिता लिमये यांनी सांगितले. "सूड" हा शब्द नको म्हणाल्या. तो राहील.

१. मला मुलं दोन. थोरला देवेश, धाकटी कल्पिता, ती डोंबिवलीला दिली आहे. कळव्याचं घर मी सीटा शिवून घेतलं, माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते सगळं कल्पिताला. देवेशने तेराव्यापुरतं यावं. जाताना पंखा काढून नेऊ नये. मागे एक नेलेला आहे.

२. सून वासंती हिला पुतळ्यांची माळ. ताट सरकवायची ते कुत्र्याला सरकवावं तसं, पण वेळ कधी चुकवली नाही. तिला हवी होती बोरमाळ. ती कल्पिताची मुलगी करिश्मा हिला.

३. शिलाई मशीन, दोन कात्र्या आणि बांबूच्या चपट्या काड्या करिश्माला. बँकेत जे काही आहे त्यातून माझं क्रियाकर्म व्हावं. बॅनर लावू नये. "आमच्या मातोश्री" असं लिहून माझ्या फोटोशेजारी देवेशने हात जोडलेला स्वतःचा फोटो लावला, तर वकीलबाईंनी तो उतरवावा.

४. जमीन. आमचे मालक वारले, त्यानंतर सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं लागायची होती. देवेशने बहिणीला फोन केला, "तायडे, बाबांच्या वारस नोंदीला सही लागते, मी न्यायला येतो." मी पण गाडीत होते. गाडी म्हणजे मालकांची स्टँडर्ड हेरल्ड, दोनच दारं. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून शिरावं लागतं, आणि मागच्या काचा उघडत नाहीत, रबरात कायमच्या बसवलेल्या. डोंबिवली यायच्या आधी हा फोनवर बोलला, "हक्कसोड टाईप करून ठेवा, ती वाचत नाही." मी म्हटलं, "कसलं हक्कसोड रे?" म्हणाला, "तू गप बस, आये." कल्पिता पुढे बसली, तेव्हा तिला सांगायला मी तोंड उघडलं, तर ह्याने गाणी मोठी लावली. ती म्हणाली, "आईचं काय ऐकायचं ते घरी ऐकू."

रजिस्ट्रार ऑफिससमोर दोघं उतरली. ह्याने दारं लॉक केली. वाकलेल्या गुडघ्यांनी मला पुढे सरकता येईना. बॉनेटवर कागद ठेवून ती सही करत होती, मी बाजूच्या काचेवर मुठी मारत होते. तिने एकदा बघितलं आणि हसून हात केला. तिला वाटलं मला उकडतंय. देवेश काचेजवळ आला, म्हणाला, "आये, हळू, काच फुटंल. मिळत नाय आता ही." आत साहेबाने विचारलं, "बाई, वाचलंत का?" ती म्हणाली, "भावाने वाचलंय." हे तिनेच मला नंतर रडत सांगितलं.

माझं नाव अजून सातबाऱ्यावर आहे. तो माझा हिस्सा कल्पिताला. बहिणीला बाहेर काढल्याचं जे सुख देवेशने सहा वर्षं भोगलं, ते इथे संपलं.

५. गाडी. मालकांनी मरताना देवेशला कबूल केली होती. नवऱ्याचा शब्द मी मोडत नाही. गाडी देवेशला. पत्रा, इंजिन, चार चाकं, पुढची-मागची काच. बाजूच्या दोन न उघडणाऱ्या काचा गाडीत नाहीत. त्या मी करिश्माला देत आहे.

देवेश सभेला गेला होता त्या दुपारी मी त्या काढल्या. काच फिटर रामाने बाहेरून धरल्या. करिश्माला पुढे लागेल म्हणून रीत लिहिते. आधी रबराच्या खाचेतली चकचकीत पट्टी उपसायची. साबणाचं पाणी सोडायचं. स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही, बांबूची काडी आतून फिरवत रबराची कड पत्र्यावरून सोडवायची. वरच्या कोपऱ्यापासून सुरू करायचं. मग आत बसून तळव्याने सावकाश ढकलायचं. आमचं रबर दगड झालं होतं, म्हणून ब्लेडने कापलं. रबर नवीन मिळतं. काच देवेश म्हणाला तसं मिळत नाही. त्याने पुण्यापर्यंत शोधून बघितलं. ह्या पाडव्याला शोभायात्रेत गाडीवर उभा राहून मिरवायचं होतं, निवडणुकीला उभा राहतोय. गेला स्कूटरवर, तेही मागे बसून.

करिश्माने काचा त्याला द्याव्यात. पण आधी कल्पिताचा हिस्सा त्याने नोंदणी करून परत द्यावा, आणि तो कागद कल्पिताने स्वतः वाचलेला असावा, पहिल्या ओळीपासून. वर्षाच्या आत झालं नाही तर करिश्माने त्या फोडाव्यात. काचा कल्पिताकडे देत नाही, कारण ती राखीला ताटात घालून देईल. करिश्मा तशी देणार नाही, ती माझ्यावर गेली आहे.

६. कल्पिता म्हणते, आई, जाता जाता माफ करून टाक. तिने करावं. तिचं मन मोठं आहे, म्हणूनच तिची जमीन गेली.

७. रामा साक्षीदार आहे, साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकीलबाई म्हणतात. त्याला द्यायचं ते मी कालच दिलं. ह्या कागदाची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

८. हे लिहीत असताना देवेश येऊन गेला. उंबऱ्यातच उभा राहिला.

"आये, काचा कुठं ठेवल्यास?"

"आहेत."

"काय लिहितेस?"

"कागद."

"मला दाखव तरी."

मी म्हटलं, "कशाला? तुझ्यासाठी मी वाचलाय."

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे सही केली आहे. अंगठा नाही, सही.

सही: कमळाबाई काळुराम मढवी

साक्षीदार: १) रामा गोपाळ गायकर, काच फिटर, खोपट. २) कलावती दत्ता वैती, शेजारीण, कळवा.

ठिकाण: ठाणे. दिनांक: १२ एप्रिल २०२५