ओल्या फडक्यावरची लढाई

बाबा, काल तुमच्या त्या लाडक्या विद्यार्थ्याचं व्याख्यान ऐकून आले. अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये बरीच वर्षं काढून तो परत आलाय, वारज्याला फ्लॅट घेतलाय, आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना खडकीची लढाई सांगतो. पेशवाई बुडाली ती लढाई. तुमची लढाई. पडद्यावर घोडे काय धावत होते, तोफांचा धूर काय निघत होता. शनिवार पेठेतला तो हॉल गच्च भरला होता आणि मी मागच्या खुर्चीवर बसून जळत होते. हो, जळतच होते. तुमच्यापासून काय लपवायचं.

तो रविवारी सकाळी बिबवेवाडीच्या आपल्या घरी यायचा. तेव्हा नुकता कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला होता; कॉलेज सुटलं तरी तुमचा इतिहासाचा तास काही त्याला सुटला नव्हता. तुम्ही स्वयंपाकघराच्या फरशीवर युद्ध मांडायचात. तांदूळ म्हणजे इंग्रजांच्या पलटणी, तूरडाळ म्हणजे पेशव्यांचं घोडदळ, आणि मध्ये आईचं ओट्याचं फडकं ओलं करून पसरलेलं, ती दलदल. तुम्ही तळहाताने डाळ पुढे रेटायचात, ती फडक्याला चिकटायची. दर वेळी. या रविवारी तरी डाळ पलीकडे जाईल, अशी तुम्हाला आशा असायची की काय कोण जाणे. मग चहा पिऊन तो जायचा आणि तुम्ही मला म्हणायचात, तेवढं गोळा करून निवडून ठेव गं. सकाळी पेशवाई बुडायची, संध्याकाळी आपण तिची खिचडी खायचो.

एकदा निवडता निवडता मी तुम्हाला विचारलं, चिखल तर पेशव्यांच्याच गावातला, मग त्यांना तो माहीत कसा नव्हता? तुम्ही चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "डाळीत खडा राहिलाय बघ." बस, एवढंच. काहीतरी बावळटासारखं बोलले असं वाटून मी पुन्हा त्या लढाईबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याच्या प्रश्नांना मात्र तुम्ही चहा गार होईपर्यंत उत्तरं देत बसायचात.

आणि काल व्याख्यान संपवताना त्याने नेमका तोच प्रश्न टाकला. पेशवे पर्वतीवरून पाहत होते, म्हणाला; गाव त्यांचं, माळ त्यांचा, चिखलही त्यांचाच, मग त्यांच्या स्वारांना तो ठाऊक कसा नव्हता? टाळ्यांचा कडकडाट. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चांगलं सुनावायचंच असं ठरवून मी तरातरा पुढे गेले, तर मी तोंड उघडायच्या आत तोच वाकून नमस्कार करून मोकळा. "ताई, हा प्रश्न तुमचा," तो म्हणाला. "सर मला नेहमी सांगायचे, एवढी वर्षं मी ही लढाई शिकवली, पण वर्मावर बोट ठेवलं ते आमच्या पोरीनं."

मी हसले, बरं म्हटलं आणि रिक्षा करून घरी आले. कुणीही म्हणेल, झालं की समाधान, आता आणखी काय हवं? कसलं समाधान, बाबा! लढाई त्याला सांगितलीत, ते एक वेळ सोडून देऊ. पण माझं कौतुकसुद्धा त्यालाच सांगितलंत. मी तिथेच तर होते, तुमच्या समोर, मांडीवर डाळ निवडायचं ताट घेऊन.

तुम्ही गेल्यावर आता हे पत्र टाकणार कुठे? राहील तुरीच्या डब्याखाली. तेवढं एक सांगून टाकते. त्याला मी येत्या रविवारी जेवायला बोलावलंय. लढाईतलं मला काही नवीन ऐकायचं नाही. तुम्ही माझ्याबद्दल आणखी काय काय बोलला होतात, ते त्याच्याकडून काढून घ्यायचंय.