मग तो मेलेला कोण?

अहो,

त्या सकाळी मी बंबात गोवऱ्या घालत होते आणि तुम्ही अंगणात उभे राहून दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण, हातात वस्तरा, आणि तोंडाने एकच, "मुनीमच खुनी आहे. माझं ऐक." मी म्हटलं, "मुनीम कशाला मारेल वकीलसाहेबाला? वकिलाच्या भावजयीचे डोळे पाहा जरा!" तुम्ही इतके हसलात की गाल कापता कापता राहिला. मग मी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी फडक्यात बांधल्या, ठेचा डबीत वेगळा दिला, आणि तुम्ही केळीच्या ट्रकबरोबर धुळ्याला निघालात. जाताना दारातून ओरडलात, "आजचा भाग नीट पाहून ठेव! आल्यावर सांग."

तो भाग मी पाहिलाच नाही. पण गेल्या आठवड्यात मालिका संपली. वकीलसाहेबाला कोणी मारलं ते तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, म्हणून लिहायला बसले.

अक्षराला हसू नका. मी शाळेत गेले नाही, ट्रकवरच्या पाट्या आणि किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत शिकले, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

तुम्ही गेल्यावर वर्षभर टीव्हीवर चादर होती. मग आपल्या सुनीलनेच ती काढली. मधल्या भागांची गोष्ट शेजारच्या कमलने सांगितली, तीही स्वतःच्या मनाची भर घालून. तिच्या गोष्टीत प्रत्येक भागात कोणीतरी विष पीत होतं!

शेवटच्या भागाला सगळी गल्ली आपल्याकडे. सुनील गच्चीवर अँटेना फिरवतोय, खालून बायका ओरडतायत, "आलं, आलं! नको हलवू!" मी मागे भिंतीला टेकून बसले होते. मनात तुमचा मुनीम होता, आणि माझी भावजय.

आणि काय झालं सांगू? दार उघडलं आणि वकीलसाहेब आत आला. हातात बॅग, अंगावर काळा कोट. बायकोला म्हणाला, "मी शत्रूंना पकडायला लपलो होतो." ती रडली, हसली, त्याच्या पाया पडली, आणि नावं वर सरकायला लागली. संपलं!

खून झालाच नव्हता. मुनीम नाही, भावजय नाही, कोणीच नाही.

गल्ली चिडली. "इतके दिवस वेडं केलं की आपल्याला!" "यासाठी मी स्वयंपाक अर्धा टाकून येत होते?" त्या गोंधळात कमलचा आवाज सगळ्यांच्या वर. "मी म्हटलं नव्हतं का? प्रेताचं तोंड कुठे दाखवलं होतं? तोंड दाखवलं नाही ना, की समजायचं, माणूस जिता आहे!"

कमलने जीभ चावली. सुनील खाली आला होता, त्याने टीव्ही बंद केला. आणि मी काय करत होते माहीत आहे? मी आपल्या दाराकडे पाहत होते. तुम्ही गेल्यापासून त्याला मी आतून कडी लावली नव्हती, झोपतानाही.

तुमचंही तोंड मला दाखवलं नाही हो. ट्रक उलटला, तुमचे थोरले भाऊ आबा धुळ्याच्या दवाखान्यातून तुम्हाला घेऊन आले, तेव्हा सगळं बांधलेलं होतं. आबा दारात उभे राहून म्हणाले, "बायांनी पाहायचं नाही." कोणी पाहिलं नाही. तुमचं तेरावं झालं, मी कुंकू पुसलं, लोक आले, रडले, गेले. तुम्ही नाही हे मला कळत होतं. मग गेल्या आखाजीला, अक्षय्यतृतीयेला, सुनीलने विचारलं, "आई, पितरांच्या घागरी भरतोय, बाबांच्या नावाची भरू ना?" तेव्हा मी "पुढच्या वर्षी पाहू" का म्हटलं? तुमच्या नावाने पाणी भरलं असतं तर तुम्ही पितरांत बसला असता, आणि कोणीतरी आधी मला खात्रीने सांगायला हवं होतं, असं वाटत होतं.

सांगणारे एकच होते, आबा. पण लग्न होऊन आले तेव्हापासून आबांसमोर माझ्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, की मी त्यांच्याशी थेट शब्द बोलले नाही. काही विचारायचं तर जाऊबाईंना, अक्कांना, मग त्या आबांना विचारणार, आणि उत्तर त्याच वाटेने परत. आता हे अक्कांमार्फत कसं विचारायचं? तुम्ही असता तर तुम्हालाच विचारलं असतं, इतकं माझं डोकं फिरलं होतं.

मालिका संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची, आबांच्या गावची, पहूरची एसटी धरली. आबा निंबाखाली बाजेची दोरी ताणत होते. मला पाहून नेहमीसारखे उठून आत जायला लागले.

"आबा, थांबा," मी म्हटलं. अक्कांच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. "धुळ्याला तुम्ही काय पाहिलं? ते हेच होते ना?"

आबांनी अक्कांकडे पाहिलं. "तिले म्हनावं, आता हे कशाले?"

"ती समोरच उभी आहे तुमच्या," अक्का म्हणाल्या. "तुम्हीच सांगा की!"

आबा परत बाजेवर बसले. मग माझ्याकडे न पाहता, पण मलाच म्हणाले, "तोंड पाहन्यासारखं नव्हतं, माय. म्या त्याचा पाय पाह्यला. उजवी करंगळी. लहानपनी बैलगाडीच्या चाकाखाली आली होती. गाडी मीच हाकत होतो. ती वाकडी करंगळी मले दुसऱ्या कोनाची वाटंल का व?" आणि दोरी ओढत, "आंघोळ बी म्याच घातली त्याले."

थंडीत त्या करंगळीला मी किती तेल चोळलं! पण तुम्ही तर म्हणाला होतात की ती कुस्तीत मोडली! प्रतिस्पर्धी कुठला, फड कुठला, सगळं रंगवून सांगितलं होतंत. भावाचं नाव बायकोपाशीसुद्धा काढलं नाहीत? मला हसू आलं, आणि आबांच्या समोर हसायचं कसं, म्हणून पदर तोंडात धरला. मग हसत होते की रडत होते, ते माझं मलाच कळेना. अक्कांनी तांब्या माझ्या हातात दिला.

येताना एसटीत एकच विचार. वकीलसाहेब जिवंत होता, तर त्याच्या कपड्यांत सापडलेला तो मेलेला कोण? मालिकेत कोणीच विचारलं नाही हो! सगळे वकिलाच्या गळ्यात पडले. त्या दुसऱ्याचीही बायको असेल ना? तिला कोणी कळवलं? की ती अजून भाकरी झाकून बसली आहे? तुम्ही माझ्यासाठी वाचनालयातून रहस्यकथा आणायचात आणि शेवटचं पान आधी स्वतः वाचायचात. असा शेवट असता तर मला पुस्तक वाचायलाच दिलं नसतंत. लिहिणाऱ्याला एवढं कसं सुचलं नाही? मला अजून उलगडत नाही. तुमचा मुनीमही हरला आणि माझी भावजयही, तर मग जिंकलं कोण?

आखाजी तोंडावर आली आहे. यंदा तुमच्या नावाची घागर मी स्वतः भरीन, सुनीलला हात लावू देणार नाही. मांडे करीन, आंब्याचा रस करीन, आगारीत, पितरांच्या विस्तवावर, पहिला घास तुमचा टाकीन. आणि त्या करंगळीची खरी गोष्ट सुनीलला सांगेन, हा माझा शब्द.

पहूरहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुपारचं जेवण आवरलं, दाराला आतून कडी लावली आणि झोपले.

तुमची,
सुनीलची आई