कार्ल्याला जाऊन येऊ

रवि. ४ जाने.
निखिल त्याच्या आईला घेऊन आला होता. घणसोली गावठाणातलं आगरी घर. प्रज्ञाच्या ऑफिसातलाच मुलगा. मला पोरगा नापसंत नाही, पण शेवटच्या घटकेला यांना, प्रज्ञाच्या बाबांना, शब्द दिलाय मी. म्हणून चहाआधीच अट सांगून टाकली: लग्न बौद्ध पद्धतीनं, आणि माझी मुलगी कुठल्या देवापुढं हात जोडणार नाही.
बाईंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "बरा हाय ताई. पन आमचे घरान शुभ कामाआधी कार्ल्याला जाताव. तुमीबी चला."
कार्ल्याला! आमच्या लेणीला! माझ्या अटीवर हे उत्तर. उगाच नावं ठेवत होते बिचारीला. लगेच हो म्हटलं.

गुरु. ८ जाने.
पांढरी साडी इस्त्री केली. मेणबत्त्या, उदबत्ती घेतली. फुलं परवा. हे असते तर नाचले असते. लेणीत शिरताना पोरीला चपलांचा आवाजसुद्धा करू द्यायचे नाहीत.
प्रज्ञा माझी तयारी बघत उभी होती. "आई, रविवारी फार गर्दी असते गं तिथं."
असू दे म्हटलं. आणखी काहीतरी बोलणार होती. इस्त्रीचं बटण बंद करून आत गेली.

रवि. ११ जाने.
रात्री घरी आल्यावर लिहितेय.
गाडीत बाईंच्या मांडीवर खण-नारळाची परडी. हिरव्या बांगड्या. तेव्हाच कळायला हवं होतं. वर पोचल्यावर त्या सरळ एकवीरा देवीच्या रांगेत. मी लेणीच्या दाराकडे. मधे प्रज्ञा.
"ताई, तिकडं काय? आई हिकडं हाय!"
"आपण लेणीला आलोय ना?"
"त्या लेन्या? त्या तं पांडवांनी एका रातीन कोरल्यान. नंतर बघू निवांत."
पांडवांनी! भिक्खूंनी पिढ्यान्‌पिढ्या छिन्नी चालवली, आणि नाव पांडवांचं. शंभर गोष्टी तोंडाशी आल्या. बाईंच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, त्यानं जास्तच संताप आला.
प्रज्ञाला म्हटलं, चल आत. ती म्हणाली, "आई, पाच मिनिटांचं तर आहे." आणि रांगेत गेली.
देऊळ दारातच आहे हे मला काय ठाऊक नाही? पण इतक्या वर्षांत आम्ही कधी तिकडं मान वळवली नाही. आमचं कार्ला म्हणजे लेणी.
एकटीच आत गेले. पहारेकरी म्हणाला मेणबत्ती लावायची नाही. फुलं स्तूपापाशी ठेवली. त्रिशरण म्हणायला लागले तर देवळातला ढोल आत घुमायला लागला. दोनदा चुकले. मी, त्रिशरणात!
बाहेर आले तर पोरीच्या कपाळभर कुंकू, ओटीत नारळ.

सोम. १२ जाने.
सकाळी विचारलं. "तुला माहीत होतं, बाई कुठल्या कार्ल्याचं बोलतायत?"
"हो."
"आणि मी कुठल्या?"
"तेही. वाटलं, एका फेरीत दोघींचंही होईल."
दोघींचंही! बाईंचा राग ओसरला, त्या त्यांच्या देवीला आल्या होत्या. हिनं मात्र माझ्या साडीला इस्त्री होताना पाहिलं आणि तोंड शिवून बसली. डबा भरून दिला. ओट्यावरच ठेवला, हातात नाही.

बुध. १४ जाने.
विहारातल्या बायकांनी धरलं. प्रज्ञाच्या स्टेटसला नुसतं 'कार्ला' आणि पायऱ्यांचा फोटो. कुंकवाचा नाही, तेवढी हुशार. सगळ्या म्हणाल्या, "लग्नाचं पहिलं पाऊल लेणीत! संस्कार याला म्हणतात. जय भीम, ताई."
मी जय भीम म्हटलं. पुढं काही नाही. पोर जे करून बसली तेच मीही केलं. घरी येऊन यांच्या फोटोकडे बघवेना.

शुक्र. १६ जाने.
बाईंचा फोन. मोकळ्या मनाच्या आहेत, काही झालंय हे गावीच नाही. लग्न बौद्ध पद्धतीनं तर बौद्ध पद्धतीनं, त्यांची हरकत नाही. "फकस्त हलदीच्या आधी पोरांना घेऊन परत कार्ल्याला जायाचा हाय. तुमी येनार ना ताई?"
प्रज्ञा समोर भाजी निवडत होती. हात थांबले तिचे.
मी विचारलं, "कुठल्या कार्ल्याला?"
"म्हंजे?" बाई म्हणाल्या. "कार्ले तं एकच हाय ना, ताई?"
मी प्रज्ञाकडे फोन धरला. म्हटलं, तू सांग.
ती घेईना.