खुर्ची कोणी उचलली

अकोला,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय अमोल,
अनेक आशीर्वाद.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आईचे गुडघे कसे आहेत? थंडी पडल्यापासून ती अंगणातसुद्धा येत नाही असं हर्षा म्हणाली. कपाशीची वेचणी चालू असेल. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची हाताला सवय आहे, पण ठीक नाही, आणि ते तुलाही माहीत आहे.

तुझा निरोप हर्षाने तुझ्याच शब्दांत दिला. "तिले म्हणा, मुख्याध्यापिका झाली म्हणून भाच्याचा बळी नको देऊ." फोनवर बायकोच्या तोंडून ऐकवण्यापेक्षा समोर येऊन बोलला असतास तर बरं वाटलं असतं.

तुझ्या शिवमला मी शाळेच्या कबड्डी संघातून दोन वर्षांसाठी काढलं, हे खरं. कप्तानपद गेलं, हेही खरं. पण हे मी एकटीने केलेलं नाही. तो आठवीपासून माझ्या घरी राहतो हे सगळ्या शाळेला ठाऊक आहे, म्हणून चौकशीला मी बसलेच नाही. महादेवराव सगळ्यांत जुने शिक्षक, त्यांना पुढे केलं. त्यांनी आधी काय सुचवलं सांगू? "मॅडम, समज देऊन सोडू. पोरं आहेत. खेळात होते कधी कधी." मी एवढंच विचारलं, की हा माझा भाचा नसता तर तुम्ही काय केलं असतं? त्यांनी कागद पुढे ओढला. मग शिक्षा ठरली.

वर्ष वाया जाणार नाही. दहावीची परीक्षा तो देईल, वर्गात बसेल. मारामारी मैदानावर झाली, शिक्षाही मैदानाचीच असावी, असं माझं मत पडलं. यात कुठे बळी आहे?

अमोल, समोरच्या पोराचा डावा डोळा गेला आहे. ललित त्याचं नाव. अमरावतीच्या संघाचा तो चढाईपटू. सामना संपायला आला असताना शिवमची आणि त्याची झोंबाझोंबी झाली, बघणारे मैदानात घुसले आणि कोणीतरी लोखंडी घडीची खुर्ची हाणली. 'कोणीतरी' असं मी सवयीने लिहून गेले. शिवमने पोलिसांपुढे, महादेवरावांपुढे आणि माझ्यापुढेही एकच सांगितलं: "खुर्ची म्याच मारली." त्याच्यावर बाल न्याय मंडळात प्रकरण चालू आहे. या सगळ्यात दोन वर्षं कबड्डी नाही, ही शिक्षा तुला जड वाटते?

एक गोष्ट मात्र मला समजत नाही. शिक्षा ऐकली तेव्हा तो रडला नाही, चिडला नाही. मागच्या वर्षी पंचाने एक गुण चुकीचा दिला तर दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं याने. आता जेवतो, अभ्यासाला बसतो आणि तुझा फोन आला की उठून बाहेर जातो.

मी त्या दिवशी इथे बैठकीत होते. तू मैदानावर होतास. तू काय पाहिलंस ते मला एकदाही सांगितलं नाहीस. सांग.

पुढच्या शनिवारी मी त्याला घेऊन ललितच्या घरी माफी मागायला जाणार आहे. तूही चल. तुझ्या घरापासून ते फार लांब नाही.

आईला नमस्कार. हर्षाला आशीर्वाद.
तुझी ताई,
रागिणी


अकोला,
३० नोव्हेंबर २०२५

अमोल,

काल तू आला नाहीस. आम्ही बडनेऱ्याला उतरून रिक्षा केली आणि गेलो.

ललितचे वडील देवराव पोस्टात आहेत. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली ललितची पदकं. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं, पाणी दिलं. मी आदल्या रात्रीपासून वाक्यं जुळवून गेले होते, त्यातलं एक तोंडातून फुटेना. शेवटी शिवमच उठला आणि म्हणाला, "काका, मले माफ करा. चुकलं माझं."

देवराव त्याच्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "बाळा, माफ करून डोया येते का? पोलीस भरतीची तयारी करून रायला होता हा. सकाळी पाचले उठून धावे. आता धावते, पण काहून धावते ते त्यालेच मालूम."

तेवढ्यात आतून ललित आला. उंच, शिवमपेक्षा अंगाने थोडा बारीक. डोळ्यावर पट्टी नव्हती. मी पाहिलं आणि नजर खाली घेतली, याची मला लाज वाटते. तो शिवमसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तू काहून माफी मागून रायला? तुनं नाही मारलं मले."

शिवम चपलांकडे वळला.

"तू माह्या समोर होता," ललित म्हणाला. "दोन्ही हातानं माही जर्सी धरून होता. एक बुक्की मारली तुनं, ते खरं हाय. म्याबी मारली. पण खुर्ची बाजूनं आली. तुले काय तीन हात हायेत?"

मी विचारलं, "बाळा, हे तू पोलिसांना सांगितलं नाहीस?"

"मले इचारलं कुठं? दवाखान्यात आले, म्हणे भांडण कोणासंग झालं. म्या सांगितलं, शिवमसंग. लिहून घेतलं, गेले. मंग बाबा म्हणाले, त्या पोरानं कबूल केलं."

त्याच्या शाळेने त्यालाही संघातून काढलं आहे. दोन वर्षं. दोघांनी मारामारी केली, म्हणून दोघांना सारखी शिक्षा. आमचा निर्णय पाहून त्यांनी तेवढीच ठेवली, असं देवराव म्हणाले. मी न्याय केला म्हणून महिनाभर ताठ मानेने फिरत होते. त्या पोराचा डोळा गेला आणि वर माझं माप त्यालाही लागलं.

परतताना बसमध्ये शिवम खिडकीकडे तोंड करून बसला. मूर्तिजापूरला गाडी थांबली, माणसं चहाला उतरली, तेव्हा तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आत्या, बाबांनी मारली."

पुढचं त्याने तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. तू दोरी ओलांडून आत आलास. आधी तू ललितला जातीवरून शिवी दिलीस. ती शिवी शिवमने माझ्या कानात सांगितली, बसमध्ये मोठ्याने म्हणवेना त्याला. मी इथे लिहिणार नाही. आपल्या घरात तो शब्द नवा नाही, अमोल. आपल्या वडिलांच्या, रामराव देशमुखांच्या ओसरीवर तो येता-जाता ऐकत आपण मोठे झालो, आणि आपल्यापैकी कोणी कधी जेवता जेवता थांबलं नाही. मग तू खुर्ची उचललीस.

आणि मग मैदानावरून परतताना गाडीत तू पोराला म्हणालास, "तू लहान हायेस, तुले काही होत नाही. माह्यावर केस लागली तर घर उठते. आजीले सांगशील का तू, बाप जेलात गेला म्हणून?"

सोळा वर्षांचं पोर. त्याने हो म्हटलं.

त्याच्या त्या गप्प बसण्याला मी पश्चात्ताप समजत होते. प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर उभं करून त्याची शिक्षा वाचून दाखवली मी. तो खाली पाहत उभा होता. मला वाटलं, पोरगं सुधारतंय.

मी रात्रभर तुझी बाजू मांडून पाहिली. तू मैदानात पोराला वाचवायला घुसला असशील. गर्दीत भान सुटलं असेल. शिवमच्या जागी तूच खेळतो आहेस असं तुला नेहमी वाटायचं, कबड्डीत तुझा गुडघा गेला तेव्हापासून. हे सगळं मी तुझ्यासाठी म्हणून पाहिलं. पण गाडीतलं बोलणं रागात झालेलं नाही. ते तू विचार करून बोललास.

गुरुवारी सकाळी मी शिवमला घेऊन अमरावतीच्या ठाण्यात जाणार आहे. तो खरा जबाब देईल. मी त्याला जबरदस्ती केलेली नाही. मी म्हटलं, "तुझ्या बाबाविरुद्ध बोलावं लागेल, नको असेल तर सांग." तो म्हणाला, "मले ललितच्या घरी परत जायचं हाय. असं खोटं घेऊन नाही जायचं."

त्याआधी तू स्वतः जा. बुधवारपर्यंत केव्हाही. तू आधी गेलास तर पोराला बापाविरुद्ध तोंड उघडावं लागणार नाही. एवढी एकच गोष्ट तू त्याच्यासाठी अजून करू शकतोस.

हर्षाला हे तू सांग. माझ्याकडून नको कळायला.

रागिणी


अकोला,
२१ डिसेंबर २०२५

प्रिय अमोल,

हे पत्र तुझ्या आधी तुरुंगातली माणसं वाचतील, हे माहीत आहे. वाचू देत.

तू गेला नाहीस. गुरुवारी ठाण्याच्या बाकावर शिवम आणि मी बसून होतो. दार उघडलं की तो मान वर करून पाहायचा. त्याला वाटत होतं तू येशील. शेवटी आत बोलावलं. त्याने न अडखळता सगळं सांगितलं. बाहेर आल्यावर भिंतीला धरून ओकला.

तुला शेतातून नेलं, तेव्हा आई ओट्यावर होती असं हर्षाने सांगितलं. आईने मला फोन केला. "तुनं लेकराले बापाच्या इरोधात उभं केलं, रागिणी. माह्या डोयापुढे येऊ नको." मी ऐकून घेतलं. तिचा मुलगा तुरुंगात आहे. तिने दुसरं काय बोलावं?

हर्षा इथे आली आहे. ती तुझ्याविषयी काही बोलत नाही. शिवमचं डोकं मांडीवर घेऊन बसते, सोळा वर्षांच्या मुलाचं.

मंडळातलं प्रकरण अजून मिटलेलं नाही, पण शाळेतली चौकशी पुन्हा झाली. महादेवरावांनी या वेळी शिवमला आधी विचारलं, "तू काय केलंस, तेवढंच सांग." त्याने सांगितलं: जर्सी धरली, बुक्की मारली. त्याबद्दल त्याला यंदाच्या उरलेल्या सामन्यांना मुकावं लागेल. एका शिक्षकांनी खोटं बोलल्याची वेगळी शिक्षा सुचवली. महादेवराव म्हणाले, "सर, ती त्याच्या बापाले विचारा." तो विषय तिथेच मिटला. ज्या जागेवरून मी शिक्षा वाचली होती, त्याच जागेवरून सगळ्या शाळेसमोर मी सांगितलं की आमचा निर्णय चुकला होता. पोरं शांतपणे ऐकत होती. शिवम त्या दिवशी आला नव्हता.

ललितच्या मुख्याध्यापकांना मी जाऊन भेटले. त्याची बंदी उठवा म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, आमचा नियम सगळ्यांना सारखा आहे." मी म्हटलं, "सर, डोळाही सगळ्यांचा गेला असता तर चाललं असतं." त्यांनी चहा मागवला. बंदी अजून तशीच आहे. मी पुन्हा जाणार आहे.

देवरावांकडे शिवम एकटा जाऊन आला. तिथे काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही. मैदानाकडे मात्र तो फिरकत नाही. पहाटे सरावाची शिट्टी वाजली की पांघरूण डोक्यावर ओढतो.

तुझ्या वकिलांचा फोन आला होता. जामिनासाठी माझी सही हवी, सरकारी नोकरी आहे, पत चांगली आहे. मी नाही म्हटलं. त्याचा राग धरायचा तर धर. कपडे, औषधं, जे लागेल ते आणून देईन, भेटायच्या दिवशी येईन. खटल्यात मात्र मी आणि शिवम दुसऱ्या बाजूला उभे असू. साक्षीला बोलावलं तर तो येईल. त्याआधी 'हो, मी मारलं' असं तू स्वतः कोर्टात म्हणालास, तर कदाचित त्याला त्या पिंजऱ्यात उभं राहावं लागणार नाही. हे मी दुसऱ्यांदा लिहिते आहे. तिसऱ्यांदा लिहिणार नाही.

काल जेवताना त्याने विचारलं, "आत्या, बाबा बोलतीन का आता माह्यासंग?"

हर्षाने माझ्याकडे पाहिलं. मी भात वाढत राहिले. याचं उत्तर तूच त्याला दे, अमोल.

तुझीच,
आणि तुझ्याविरुद्ध,
रागिणीताई