बबडीच्या वॉर्डात माझी खाट

३ तारीख, सोमवार
आमची नात बबडी आज पहिल्यांदा वॉर्डात गेली. नर्सिंगला ती माझ्यामुळेच गेली, लहानपणी माझे पाय चेपायची तेव्हाच मी ओळखलं होतं. संध्याकाळी आली ती बूट काढून जमिनीवरच बसली. दिवसभर चादरी बदलल्या म्हणे, सुईला हात लावू दिला नाही. एका बाईने तर शिकाऊ नको म्हणून हाकललं. माझ्या घरची पोर, आणि शिकाऊ!

५ तारीख
बबडीने माझं ब्लड प्रेशर तीनदा मोजलं. तीन वेळा तीन आकडे. मशीनच खराब. दंड ठणकतोय, पण बोलणार नाही.

१२ तारीख
तिच्या वहीत कामागणिक शिकवणाऱ्या मॅडमची सही लागते. पेशंट खाटेवर असताना चादर बदलायची, ती सही राहिलीय. पेशंट नीट कुशीवर वळत नाहीत म्हणे. मी दुपारभर वळायचा सराव केला. उत्तम जमतं. एकदा खाली आले, ते सोडा.

१७ तारीख, सकाळी
चक्कर आली. म्हणजे अकराला येईल. सूनबाईचा चहा होऊ दे.

१७, दुपारी
बायकांचा वॉर्ड, खाट नऊ. मुलगा पांढराफटक पडला होता, वाईट वाटलं. पण बबडी कुठाय? दर पंधरा दिवसांनी वॉर्ड बदलतो म्हणे, आजपासून ती वर बाळंतिणींकडे. हे मला कोणी सांगितलं नाही. काल जेवताना ती सांगत होती खरी, पण मी चक्करेच्या विचारात होते.

१८ तारीख
सहा शिकाऊ मुली, सहा वेळा ब्लड प्रेशर. काय सुरेख वळले मी! मॅडमनी लगेच सही केली, भलत्याच मुलीच्या वहीत.
जेवणाच्या सुट्टीत बबडी आली. जवळ बसली, हात हातात घेतला, खरंच चक्कर आली का विचारलं. इतक्या मायेने कोणी विचारलं नव्हतं. कानात सगळं सांगितलं, गळ्याची शपथ घालून.

१९ तारीख
मॅडम साऱ्या मुलींना घेऊन माझ्या खाटेशी. असेही पेशंट भेटतील म्हणाल्या, घरच्या माणसाच्या ओढीने दुखणं सांगतात, त्यांना रागवायचं नाही. मुलींनी लिहून घेतलं. बबडी मागे, मान खाली. डोक्याचा फोटो काढणार होते म्हणून सांगावं लागलं म्हणे. काढू दिला असता की.
दुपारी घरी. सूनबाई बोलत नाही, तेवढी शांतता.

२० तारीख
ठरलं. बबडीला यापुढे ब्लड प्रेशर मोजायला दंड द्यायचा नाही.
संध्याकाळी तिची वही टेबलावर उघडी होती. तिचं गिचमिड अक्षर लावत लावत वाचलं. पेशंटचा विश्वास मिळवून खरं बोलतं करणे. पुढे खाट नऊ. पुढे मॅडमची सही, चांगली ठसठशीत.
रात्रीचं जेवण झाल्यावर बाही वर करून तिच्यासमोर बसले. राग वेगळा, शिक्षण वेगळं.
नको म्हणाली. मोजणं आता येतं तिला.