युनिटरी भरीत

३ डिसेंबर, सकाळी
आजपासून पहाटे चारला उठून अ‍ॅबस्ट्रॅक्ट हार्मोनिक अ‍ॅनालिसिस हे गणित शिकायचं. आज साडेसात वाजले, थंडीमुळे. उद्यापासून नक्की.
जन्मभर रेडिओ दुरुस्त केले. खरखरीतून एक स्टेशन वेगळं काढायचं, म्हणजे हेच ते. फक्त नाव दुकान बंद केल्यावर कळलं. पुस्तकाच्या पीडीएफचं पहिलं प्रकरण समजलं. दुसरं सोपं असावं, म्हणून सोडलं.

५ डिसेंबर
समजलं ते असं. ग्रुप म्हणजे अशा हालचाली, ज्या एकीमागून एक करता येतात आणि केलेली प्रत्येक उलटवता येते. युनिटरी रिप्रेझेंटेशन म्हणजे त्या अशा करून दाखवायच्या की मापात फरक पडत नाही. फिरवा, सरकवा, गुंजभर घटता कामा नये. बायकोला, कलाबाईला, समजावलं. म्हणाली, मग गिरणीतून पीठ कमी कसं येतं? प्रश्न मूलभूत आहे. नंतर बघू.

८ डिसेंबर
मित्र संघपालची सून सारिका धुळ्याला देवपूरच्या एका कॉलेजात गणित शिकवते. इथे पिंप्राळ्याला आली होती. तिला म्हटलं, तुझ्या पोरांसमोर मला अर्धा तास दे. म्हणाली, नाना, आधी मला पटवून द्या, मग फळ्यासमोर उभं करते.
म्हणजे झालंच.
नववीत शाळा सुटली ती सुटली. फळ्यासमोर उभं राहायचं तेवढं राहिलंय. खडूचा डबा घेतला.

११ डिसेंबर
रविवारी संघपालच्या मळ्यात भरीत पार्टी. सारिका येणार. तिथेच पटवतो.
योजना: चार घरांनी आपापल्या पद्धतीचं भरीत आणायचं. भांडी गोलात. कोणत्या जागेवर किती तिखट, हे झालं फंक्शन. मग प्रत्येक भांडं एकेक जागा पुढे. एकूण तिखट तेवढंच, म्हणजे युनिटरी. शेवटी चारही एकत्र करून सरासरी. ती कुठेही सरकवा, तीच. स्वयंपाकावरून होणारी भांडणं जगातून संपली. हे पीडीएफमध्ये असेलही, पण भरतासकट नसणार.
कलाबाई म्हणाली, माझं भरीत कोणात मिसळायचं नाही. थिअरी कळली की पटेल.

१४ डिसेंबर, दुपारी
घाईत लिहितो. दिवस मोठा आहे. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत ठेचून कलाबाईचं भरीत तयार. संघपालचं कांद्याची पात घालून. मेहुणी बेबाबाई पिंपळनेरहून शेंगदाण्याचं घेऊन आली. शेजारचे अभयकुमार शेठ वांगं-लसूण खात नाहीत, त्यांचं दुधीचं, गोड. सरकवणं झकास झालं. बेबाबाईने एक भांडं दोन जागा सरकवलं, पण उलटवता आलं. सारिका मान डोलवतेय. आता पातेल्यात ओततो.

१४ डिसेंबर, संध्याकाळी
किरकोळ मतभेद.
बेबाबाई म्हणाली, दाजी, हाई भरीत शे का भिंतले लावाना गारा? कलाबाई म्हणाली, माझं मला वेगळं काढून द्या. सारिका म्हणाली, नाना, अडलं ते इथेच. सरकवलेलं उलटवता येतं, मिसळलेलं येत नाही. सरासरी युनिटरी नसते.
मी म्हटलं, पातेल्यातला डाव उलटा फिरवून बघतो. फिरवला. बराच वेळ फिरवला.
अभयकुमार शेठ म्हणाले, आधारभाऊ, आज माझा उपवासच समजा. पातेलं म्हशीपुढे ठेवलं. तिने हुंगलं आणि एक जागा मागे सरकली.

१५ डिसेंबर
कलाबाई बोलत नाही. चहा येतो, बिनसाखरेचा. डॉक्टरांनी सांगितलंच होतं. तब्येतीचा एक प्रश्न सुटला.

१९ डिसेंबर
सारिकाचा फोन. कॉलेजात बोलावलंय. स्नेहसंमेलनात खाण्याचे स्टॉल आहेत, भरीत करायला कलाअक्कांना आणा, तुम्ही बडगी उचलायला या. व्याख्यानाचं बोलली नाही. सरप्राइज असणार. कलाबाई हे ऐकून बोलायला लागली: खडू कशाला घेताय?

३ जानेवारी, देवपूर
फळा होता. त्याच्यासमोर उभा राहिलो. सारिका म्हणाली, नाना, तुमचं अक्षर चांगलं आहे, लिहा. लिहिलं: कलाबाईंचं खान्देशी भरीत. खडू माझाच.
रांग गेटपर्यंत गेली. घसा साफ करून म्हणालो, हे बघा, प्रत्येकाने एकेक जागा पुढे सरका. सगळे सरकले. पोरं हुशार आहेत. शंका विचारा म्हटलं. एकाने विचारलं, आजोबा, पुऱ्या संपल्या का?
व्याख्यान झालं असं धरतो.
पहिल्या पोराला आणि शेवटच्या पोराला कलाबाईने तेवढंच, तसंच वाढलं. हे तिला कसं जमलं ते विचारायला मीही ताट घेऊन रांगेत लागलो. पाळी आली तेव्हा ती बडगी धूत होती. म्हणाली, बरं झालं आलात, ही उलटी करून ठेवा.
केली. एवढं बरोबर आलं.