खिडक्यांचा पडदा

प्रिय नणंदबाई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नकाराची पावतीच ती. 'दादाच्या घरी मी पाहुणी म्हणून म्हातारी होणार नाही. त्या वृद्धनिवासातल्या खोलीला महिनाअखेर होकार कळवते आहे.' वाक्य ठसठशीत जमलंय. कॉलेजात निबंधात तू अशीच वाक्यं पेरायचीस आणि माझ्यापेक्षा जास्त मार्क घेऊन जायचीस. तुझे यजमान गेल्यापासून तू एकटी आहेस, गुडघा तुला जिना चढू देत नाही, ते घर सोडायचं हे तर ठरलेलंच आहे. प्रश्न एवढाच की तिकडे जायचं की इकडे यायचं. तू तिकडे म्हणतेस. बरं. त्यावर आत्ता मी काही बोलत नाही, कारण बोलायला लागले की माझा आवाज चढतो असं तुझंच म्हणणं आहे. महिना संपायला अवकाश आहे. तोवर इथे काय झालं ते ऐक.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सायकली ठेवायची एक खोली होती, आठवते? तिथे मी आता दर आठवड्याला एक सकाळ शिवणाचं टेबल मांडते. मांडलं म्हणजे काय, मांडावं लागलं. जिन्यात भेटेल त्याचं बटण लोंबतंय, कुणाच्या कोपरावर भोक, कुणाच्या विजारीची शिवण नको तिथे उसवलेली. आयुष्यभर दुकानदारांचे वजनकाटे तपासले मी, वाकडं दिसलं की माझ्याने गप्प बसवत नाही. पहिल्या दिवशीच नियम सांगून टाकला: कपडा टाकून जायचं नाही, ज्याचं फाटलंय त्याने समोर बसून सुई ओवायची. लोक घाबरून येणार नाहीत असं तुझ्या दादाला वाटलं होतं. लोक घाबरून आले. आता खुर्च्या पुरत नाहीत. वरच्या मजल्यावरचा पोस्टमन इतकं सुरेख रफू करायला लागलाय की मोजे मुद्दाम फाडतो की काय अशी मला शंका आहे. दातांची डॉक्टर मात्र टाके फार घट्ट घालते. तिला सांगितलं, बाई, कापड ओरडत नाही म्हणून इतकं आवळायचं नसतं. आणि खालच्या मजल्यावरची ती, जिला आम्ही सगळे भोंगा म्हणतो आणि जी स्वतःही हाकेला ओ देते, ती बटणं लावता लावता अख्ख्या रस्त्याच्या बातम्या सांगते.

तुझा दादा आधी नुसता दारात उभा राहायचा. निवृत्त झाल्यापासून त्याचं ते झालं होतं, कुठल्याही दारात उभं राहायचं, ना आत ना बाहेर. जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेला माणूस. एक दिवस मी त्याच्या हातात कात्री आणि मोजपट्टी दिली आणि म्हटलं, उभंच राहायचंय तर कापायला उभा राहा. तेव्हापासून कापणं त्याच्याकडे. कापडावर पेन्सिलीने अशा रेघा मारतो की वर दोन मजले चढवता येतील.

आता पडद्याकडे येते. रस्त्यापलीकडच्या शाळेच्या गाण्याच्या मास्तरांनी दोन गाठोडी पाठवली. दोन्हींत सभागृहाचे पडदे, दोन्ही निळे. एक मोडीत काढलेला, त्याच्या पिशव्या करा. दुसरा वापरातला, त्याची खालची दुमड उसवलीय, ती शिवून द्या, मुलांचा कार्यक्रम जवळ आलाय. सरळ काम. एक पडदा विटून राखाडी झालेला, दुसरा कोरा करकरीत. तुझ्या दादाने विचारलं, हाच ना कापायचा? मी मशीनवरून मान वर न करता म्हटलं, डोळे आहेत ना तुला? त्याने विटका पडदा कापला. आम्ही पिशव्या शिवल्या, वाटल्या, एकमेकांचं कौतुक केलं. मग दुमड घालायला म्हणून तो कोरा पडदा उलगडून खिडकीशी धरला, तर आत नुसती चाळणी! कसरीने घडीघडीतून खाल्लेला. वापरातला पडदा रोज उन्हात टांगलेला म्हणून विटला होता, आणि मोडीतला कपाटात बसून निळा राहिला होता. भोंगासुद्धा गप्प झाली, यावरून कल्पना कर.

तुझ्या दादाने कात्री टेबलावर ठेवली आणि पुन्हा दारात जाऊन उभा राहिला. मला पडद्याचं काही वाटलं नाही, त्या दाराचं वाटलं. मी म्हटलं, आत ये, चूक आपल्या दोघांची आहे, माझी जास्त, कारण मी बघितलंसुद्धा नाही. मास्तरांना बोलावून खरं काय ते सांगितलं. ते बिचारे खुर्चीत बसले आणि म्हणाले, बाई, मुलं आता काय चादरीमागे उभी राहणार का? मी म्हटलं, पडदा मिळेल. कसा ते विचारू नका, मलाही माहीत नाही.

वाटलेल्या पिशव्या परत मागवल्या. भोंगाने बटाट्यांसकट आणून दिली, बटाटे राहू द्या म्हणाली. त्या उसवून ठिगळं लावून पाहिली, तर निळ्यावर ती राखाडी ठिगळं माणसाला काही रोग झाल्यासारखी दिसायला लागली. सगळे हिरमुसले. तेव्हा तुझा दादा, जो सकाळपासून तोंडातून शब्द काढत नव्हता, एकदम म्हणाला, लपवता कशाला? या खिडक्या आहेत. आणि त्याने कागद ओढून काढायलाच घेतलं: संध्याकाळच्या निळ्या आभाळाखाली एक अख्खी गल्ली, राखाडी पिशव्यांच्या भिंती आणि जिथे जिथे भोक तिथे एक उजेडाची खिडकी. भोकं काही सरळ रांगेत नव्हती, म्हणून घरंही उंचसखल झाली, एक तर चक्क कललेलं आहे. मी म्हटलं, हे पडेल. तो म्हणाला, माझं एकही घर आजवर पडलेलं नाही. कितीतरी दिवसांनी मला असं तोडून बोलला. मला इतकं बरं वाटलं की मी उलट उत्तरच दिलं नाही.

मग काय, सगळी इमारत कपाटं उपसायला लागली. आपली खिडकी आपल्या कपड्याची, असं ठरलं. पोस्टमनने जुना पिवळा सदरा आणला, डॉक्टरीणबाईंनी मुलाचं दुपटं आणलं आणि कापायच्या आधी कितीतरी वेळ मांडीवर धरून ठेवलं. मी त्यांना घाई केली नाही. हो, मी. भोंगाने नवऱ्याचा नारिंगी शर्ट त्याच्या डोळ्यांदेखत कापला. सुटले एकदाची, म्हणाली. नवरा म्हणाला, मीसुद्धा.

खिडक्या हातशिलाईच्या, त्या झाल्या. पण भिंती जोडायच्या लांबलचक टिपा मशीनवरच्या. एवढं जड कापड एकटीला सांभाळवत नाही, ते तुला मी काय सांगू, माझ्या मशीनमागे एकेकाळी तूच उभी असायचीस. एकीने पुढून सोडायचं, दुसरीने मशीनमागे उभं राहून नुसतं झेलायचं, ओढायचं नाही. तुझ्या दादाने ओढलं, सुई तुटली. भोंगा उभी राहिली, तर बोलता बोलता तिचा हात वळला आणि टीप तिरकी गेली. पोस्टमन बरा, पण त्याला टपाल वाटायचं असतं. प्रत्येक टिपेच्या शेवटी मी मान वर करायचे आणि समोर कुणीतरी भलतंच असायचं. तरी झाला पडदा. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी टांगला.

आणि कार्यक्रम! मास्तरांनी दिवे लावले, पडदा दिसला आणि सभागृह एकदम शांत. तेवढ्यात मागून एक चिमुरडा ओरडला, आई, ती माझी चड्डी! मग काय गोंधळ उडाला म्हणतेस! लोक उठून पुढे यायला लागले, ही आमची, ती तुमची, अगं तो बघ तुझा फ्रॉक, वरच्या मजल्यावर! मास्तर तबकडीसारखे गोल फिरत, बसा हो, बसा हो, करत होते. पडदा उघडायला गेले तर चक्क लोक ओरडले, थांबा जरा, आमची खिडकी अजून सापडायचीय. मुलं आतून पडद्याखालून डोकी काढून बघत होती की आपलं गाणं सुरू व्हायच्या आधीच टाळ्या कशाला. तुझा दादा हसत होता. नुसता हसत नव्हता, डोळे पुसत होता, हसून हसून. मीही हसले. साक्षीदार भरपूर आहेत, नाकारता येणार नाही.

त्या कललेल्या घराला एक हिरवी खिडकी आहे. तुझा दादा ट्रंकेतून तुझा लहानपणचा हिरवा झगा घेऊन आला होता. मी म्हटलं, तिला विचारल्याशिवाय कापायचा नाही. तो म्हणाला, तिला विचारलं की ती नाहीच म्हणते. बरोबर होतं, म्हणून कापला. तर कार्यक्रमात आमच्या शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईंनी विचारलं, ती हिरवी कुणाची हो? तुझा दादा म्हणाला, माझ्या बहिणीची. त्या म्हणाल्या, अगं बाई, तुमच्याच इमारतीत असतात का? तुझ्या दादाचा चेहरा पाहिला आणि उत्तर मी दिलं. म्हटलं, येणार आहेत, या महिन्याअखेर. आयुष्यात कुणाचं खोटं माप चालवून घेतलं नाही मी, आणि हे वाक्य बिनदिक्कत बोलून गेले. बोलल्यावर कळलं की मला ते खोटं वाटतच नव्हतं.

म्हणून हे पत्र. आजवर तुला जी बोलावणी आली ती दादाच्या अक्षरात आली, आणि तू नाही म्हणालीस ते दादाला. भावाला बहिणीची दया आली असं तुला वाटलं. त्यातला शब्द न् शब्द मी सांगितलेला होता. मी स्वतः लिहिलं नाही, कारण तू मला नाही म्हणालीस तर काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं, अजूनही नाही. पाहुणी म्हणून येऊ नकोस, पाहुण्यांचं मला तसंही जमत नाही. भांडायला ये. तुझा दादा मला भिऊन असतो, शेजारी मला मान देतात आणि मला तोंडावर 'गप बस गं' म्हणणारं माणूस जगात एकच उरलंय, ते भलत्या गावी खोली घ्यायला निघालंय. मला तू हवी आहेस. हे वाक्य लिहायला मला शिवणापेक्षा जास्त वेळ लागला, तेव्हा त्याचा मान राख. 'विचार करते' असं उत्तर पाठवू नकोस. कोणत्या गाडीने येतेस तेवढं कळव, मी स्थानकावर उभी असेन. सामान उचलायला दादा आहे.

तुझीच,
जिला लग्नानंतरही तू एकदासुद्धा वहिनी म्हणाली नाहीस ती